घरी सगळं ठीक?

दर सेमिस्टरला आपल्याकडे जीएफएमची मीटिंग होते. गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे कॉलेजातले आपले पालक. वीस-बावीस जण लॅबमध्ये उभे असतात आणि सर फॉर्मवर सह्या करता करता विचारतात, "अटेंडन्स किती? केटी आहे का? घरी सगळं ठीक?" आणि आपण "हो सर" म्हणून पुढच्याला जागा देतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मीही "हो सर" म्हटलं. आदल्या रात्री बाबांचा फोन आला होता की दादाला ॲडमिट केलंय. आईने वाढलेल्या ताटात काहीतरी मिसळलंय असं त्याला वाटत होतं आणि तो तीन दिवस जेवला नव्हता.

सरांचा यात काहीच दोष नाही. वीस जणांसमोर असल्या प्रश्नाचं खरं उत्तर कोण देईल?

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. हे त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही, पण मला बिचारा करू नकोस." त्यामुळे हा लेख दादाबद्दल नाही. आमच्या घराला ज्या गोष्टीचा खरा उपयोग झाला आणि जी आपल्या कॉलेजातही करता येते, तिच्याबद्दल आहे. त्या गोष्टीला इंग्रजीत सपोर्ट ग्रुप म्हणतात.

मराठीत काय म्हणायचं, इथूनच माझी पंचाईत झाली. शाळा कॉन्व्हेंट, मराठी थर्ड लँग्वेज, त्यामुळे लायब्ररीतल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "स्वमदत गट." मी मोठ्या रुबाबात मेसमध्ये मावशींना सांगितलं की आम्ही स्वमदत गट काढतोय. त्यांनी लगेच विचारलं, "व्याज किती टक्के?" त्यांच्यासाठी तो बचत गट! मग म्हटलं 'आधारगट', तर रूम पार्टनरला आधार कार्ड आठवलं. म्हणून या लेखात नुसतं 'गट' म्हणते. तसं पाहिलं तर मावशी फार चुकल्या नव्हत्या. बचत गटात काय होतं? सारख्याच अडचणीतल्या बायका ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात, प्रत्येकीने थोडं थोडं टाकायचं आणि जिला गरज असेल तिने उचलायचं. इथेही तेच, फक्त पैशांऐवजी अनुभव.

या प्रकाराची सगळ्यात प्रसिद्ध सुरुवात १९३५ साली अमेरिकेत झाली. बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं, संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, समोर बार. त्याला वाटलं की आत्ता एखाद्या दुसऱ्या दारुड्याशी बोललो तरच आपण वाचू. त्याने फोनाफोनी करून असा माणूस शोधला. तो निघाला बॉब नावाचा सर्जन. दोघं तासन् तास बोलले. पुढे १० जूनला बॉबने शेवटचा पेग घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे 'एए'चा, स्थापना दिवस मानतात. यातली गंमत अशी की बिल बॉबला सुधारायला गेलाच नव्हता, तो स्वतःला वाचवायला गेला होता. फी नाही, आडनाव सांगायचं नाही आणि कुणी साहेब नाही, असे त्यांचे साधे नियम आहेत. भारतात एए १९५७ मध्ये आलं आणि आपल्याकडे त्याच्या मराठी मीटिंगाही चालतात.

पण माझा विषय पिणाऱ्याचा नाही, त्याच्या घरच्यांचा आहे. नवऱ्यांबरोबर मीटिंगला आलेल्या बायका बाहेर थांबून एकमेकींशी बोलायला लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपणही आजारीच पडलोय, फक्त आपल्या आजाराला नाव नाही. १९५१ मध्ये बिलची बायको लोइस आणि तिच्या एका मैत्रिणीने अशा कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनन' सुरू केलं. १९५७ मध्ये घरात पिणारं माणूस असलेल्या मुलांसाठी 'अल-अटीन' निघालं. या गटांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. घरच्या माणसाचा आजार तुमच्यामुळे आलेला नाही, तो तुम्हाला ताब्यात ठेवता येणार नाही आणि तो बरा करणं तुमच्या हातात नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं होतं. आईला मात्र ते ऐकून हायसं वाटलं. दादाच्या बारावीत आपण त्याला जास्त रागावलो म्हणून हे झालं, असं ती दोन वर्षं मनात धरून बसली होती.

आपल्या महाराष्ट्रात तर या कामाची चांगली परंपरा आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्याला येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीने. तिथे पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. नाव बघा, 'पीडित पत्नी संघ' वगैरे नाही! स्किझोफ्रेनियासाठी पुण्यातच १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', निघाली. ती काढणारे डॉ. जगन्नाथ वाणी डॉक्टर खरे, पण मनाचे नाहीत, आकडेशास्त्राचे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला हा आजार होता. म्हणजे आपल्यासारख्याच कॅम्पसवर, फळ्यावर समीकरणं लिहिणारा माणूस, आणि घरी हे. २००४ चा 'देवराई' हा अतुल कुलकर्णीचा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यामागेही वाणी सरांचाच हात होता. ते २०१७ मध्ये गेले. पुण्यातच पार्किन्सन्स झालेल्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं 'मित्रमंडळ' आहे. मला हा शब्द सगळ्यात आवडला. गणपतीच्या मंडळासारखा वाटतो, वर्गणीची भीती नाही.

आता विद्यापीठाकडे येऊ. २००३ मध्ये डेव्हिड फाजेनबॉम नावाचा मुलगा अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये क्वार्टरबॅक. त्याच्या आईला मेंदूचा कॅन्सर निघाला आणि २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. तो कॅम्पसवर परतला. सगळीकडे पार्ट्या, परीक्षा, मॅचेस, आणि हा एकटा. मग त्याने ज्यांचे आईवडील आजारी आहेत किंवा नुकतेच गेलेत अशा विद्यार्थ्यांचा गट सुरू केला. नाव ठेवलं 'एएमएफ', म्हणजे एलिंग मदर्स अँड फादर्स. त्याच्या आईच्या नावाची आद्याक्षरंही तीच होती. त्याला वाटलं होतं की आपण एकटेच असू, पण आपल्याच वर्गातले लोक पुढे आले. पुढे ही कल्पना अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत पसरली. (हाच मुलगा पुढे डॉक्टर झाला, स्वतः कॅसलमन नावाच्या दुर्मिळ आजाराने मरता मरता वाचला आणि त्या आजाराचं औषध त्याने स्वतःच शोधून काढलं. तो एक वेगळाच लेख होईल.)

"आपल्या कॉलेजात असं कोण असणार?" असं रूम पार्टनर म्हणाली, तेव्हा मी तिला हिशोब करून दाखवला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात साधारण ३०० माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया असतो. आपण कॉलेजात २,००० विद्यार्थी धरू आणि प्रत्येकाच्या घरी चार माणसं. झाली ८,०००. भागिले ३००, म्हणजे २६ च्या वर. मॅथ्स-थ्रीवाले यात दहा चुका काढतील, काढू देत. हा फक्त एका आजाराचा आकडा आहे. त्यात दारू मिळवा, कॅन्सर मिळवा, आईबाबांचं कोर्टात चाललेलं भांडण मिळवा, कर्ज मिळवा. मग सांगा, त्या जीएफएमच्या रांगेत किती जण खोटं "हो सर" म्हणत असतील?

गटाने नेमकं होतं काय, याचा विचार बऱ्याच लोकांनी केलाय. अर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात गटाचे फायदे मोजले आहेत. त्यातला एक म्हणजे 'हे फक्त माझ्याच बाबतीत घडतंय' हा समज मोडणं. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये लिहिलं की मदत करणाऱ्यालाच अनेकदा जास्त मदत होते. बिल आणि बॉबचंही तेच झालं होतं. आपल्याला रिझल्ट लागतो म्हणून एक आकडाही देते. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने एए आणि त्या पद्धतीच्या उपचारांवरचे २७ अभ्यास तपासले, त्यांत १०,५६५ लोक होते. दारूपासून सलग दूर राहण्यात ही पद्धत इतर मान्यताप्राप्त उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस निघाली. हा आकडा पिणाऱ्यांचा आहे, घरच्यांचा नाही. तो घरच्यांना चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या जर्नलमधली रीडिंग कॉपी करणं होईल.

घरच्यांबद्दल जे कळलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की स्किझोफ्रेनियाचे काही पेशंट घरी गेल्यावर लवकर पुन्हा आजारी पडतात. त्यांनी ती घरं तपासली. जिथे सारखी टीका होते, राग निघतो किंवा उलट अति काळजी केली जाते, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. १९७२ चा त्यांचा पेपर प्रसिद्ध आहे. याला 'एक्स्प्रेस्ड इमोशन' म्हणतात. लक्षात घ्या, यामुळे आजार होत नाही. पण झालेला आजार कसा चालेल यावर घरातल्या हवेचा परिणाम होतो. आणि घरच्यांना नीट माहिती आणि सवय दिली तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे नंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

आमच्या घरी ही हवा म्हणजे आईचं वाक्य होतं, "गोळी घेतलीस का?" सकाळी, दुपारी, तो बाथरूममध्ये असताना दारातून. दादा चिडायचा, गोळी फेकायचा, आई रडायची आणि बाबा गॅलरीत जायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सारखं विचारू नका. पण डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात आणि बाहेर चाळीस पेशंट. दिवाळीच्या सुट्टीत मी आईबाबांबरोबर पुण्यातल्या अशा एका गटात गेले. साधी खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. आईने सगळं सांगितलं. पलीकडच्या एक काकू, ज्यांचा मुलगा पंधरा वर्षं आजारी आहे, त्या एवढंच म्हणाल्या, "मीपण सात वर्षं हेच विचारत होते. मग मी डबी आणली, वारांची. आता तो घेतो, आणि मी रात्री नुसती डबी बघते." बास. आईने येताना लक्ष्मी रोडला उतरून डबी घेतली. डॉक्टरांनी सांगूनही जे झालं नव्हतं ते काकूंच्या सात वर्षांनी केलं. बाबा तिथे एक शब्द बोलले नाहीत, पण पुढच्या महिन्यात आईच्या आधी तेच चपला घालून तयार होते.

सुट्टी संपली आणि मी हॉस्टेलवर आले. आईबाबांना काकू होत्या, मला इथे कोण? रूमवर मी सांगितलं होतं की दादा जॉब शोधतोय. एका रात्री सबमिशनच्या नादात दुसऱ्या विंगमधल्या एका मुलीला चुकून खरं सांगून बसले. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "आमच्याकडे पप्पा." तिने परवानगी दिलीय म्हणून एवढं लिहिते. बाकी कुणाचं काही लिहिणार नाही. गटात ऐकलेलं गटातच ठेवायचं, हा पहिला नियम आहे.

जानेवारीत आम्ही पाच जणांनी बसायला सुरुवात केली. पहिली बैठक संपूर्ण फ्लॉप! सगळे सल्ले देत होते. योगा करा, अमक्या महाराजांकडे न्या, तमक्या गावचं औषध आणा, तू स्ट्राँग हो. इंजिनीअरिंगवाल्यांची ही खोडच आहे, प्रॉब्लेम दिसला की सोल्व्ह. साडेअकरापर्यंत नुसती रडारड झाली आणि एक मुलगी पुन्हा आलीच नाही. तिचं मला अजून वाईट वाटतं. मग आम्ही दर मंगळवारी येणाऱ्या काउन्सेलर मॅडमना गाठलं. त्यांनी आमच्या चुका दोन मिनिटांत सांगितल्या.

तेव्हापासून बैठक एक तासाची, घड्याळ लावून. दर वेळी एक जण वेळ सांभाळतो, तो त्या दिवशी स्वतःचं सांगत नाही. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. "तू असं कर" म्हणायचं नाही, "मी असं केलं" म्हणायचं, तेही समोरच्याने विचारलं तर. गप्प बसायचं असेल तर गप्प बसा, कुणी खोदून विचारणार नाही. शेवटची दहा मिनिटं मेसची भाजी, मॅच, काहीही, म्हणजे तसंच जड डोकं घेऊन रूमवर जायला नको. मोबाइल बाहेर. व्हॉट्सॲप ग्रुप नाही. यावर भांडण झालं होतं, पण एका स्क्रीनशॉटने सगळं संपेल हे शेवटी सगळ्यांना पटलं.

परवानगीची वेगळीच मजा. अर्ज घेऊन गेलो तर ऑफिसात विचारलं, "प्रमुख पाहुणे कोण? दीपप्रज्वलन किती वाजता?" कार्यक्रमाचा रकाना भरल्याशिवाय हॉल मिळत नाही, म्हणून आम्ही 'अभ्यासगट' लिहिलं. खोटं नाही ते.

स्टाफमधल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं की आम्ही येऊ का. साहजिक आहे. सरांच्या घरीही म्हातारी आई असते, जिला आपला मुलगा कोण ते आठवत नाही, आणि सर साडेनऊला येऊन थर्मोडायनॅमिक्स शिकवतात. पण माझं स्पष्ट मत आहे की टीचिंग स्टाफचा गट वेगळा हवा. ज्यांच्या हातात आपले इंटर्नल मार्क आहेत त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही, आणि उद्या व्हायवाला बसणाऱ्या मुलांसमोर सरही मोकळे होणार नाहीत. दोन गट झाले तर काय बिघडलं? मेस, ऑफिस आणि सिक्युरिटीतल्या लोकांना मात्र कुठेही येता यावं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. गट म्हणजे उपचार नव्हे. गोळ्या, डॉक्टर, काउन्सेलर यांची जागा आम्ही घेत नाही. आणि गुप्ततेलाही एक अपवाद आहे, तो आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. कुणी जगावंसं वाटत नाही असं म्हणालं तर ते आम्ही आमच्यात ठेवणार नाही. त्या व्यक्तीला सोबत घेऊन काउन्सेलर मॅडम किंवा रेक्टर मॅडमकडे जाऊ, रात्र असेल तर तिला एकटं न सोडता टेली-मानसला, १४४१६ वर, फोन लावू. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या वर्षीच्या सगळ्याच आत्महत्यांत 'कौटुंबिक समस्या' हे कारण पहिल्या क्रमांकावर होतं, ३१.७ टक्के. आपल्याकडे मात्र सगळी चर्चा मार्कांवरच होते.

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी नियम घालून दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. स्टाफला वर्षातून दोनदा प्रशिक्षण आणि हॉस्टेलमध्ये, वर्गांत हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायचे. आपल्याकडे नंबरचा कागद लागलाय, पण तो नोटीस बोर्डावर क्रिकेट टूर्नामेंटच्या पोस्टरखाली आहे. स्पोर्ट्स सेक्रेटरी वाचत असेल तर कृपया पोस्टर चार इंच वर सरकवावं. काउन्सेलर मॅडमची खोली अकाउंट्स सेक्शनच्या समोर आहे, जिथे फीच्या रांगेतले चाळीस जण आत कोण जातंय ते बघत असतात. ती हलवायला पैसे लागणार नाहीत.

आणि जीएफएम सरांना एक विनंती. तो प्रश्न वीस जणांसमोर विचारू नका. फॉर्म परत देताना एकेकाला सांगा की मी बुधवारी चार ते पाच केबिनमध्ये एकटा असतो. नव्वद टक्के येणार नाहीत. नाही आले तर सरांचे पेपर तपासून होतील.

आम्ही सध्या नऊ जण आहोत. गुरुवारी रात्री साडेआठ, मेस झाल्यावर, जुना ड्रॉइंग हॉल. घरचं काहीही चालेल, आजारच हवा असं नाही. येण्याआधी कुणाला सांगायची गरज नाही, कुठे नाव लिहायचं नाही. हॉलच्या दाराची कडी तुटलेली आहे, मेंटेनन्सला दोनदा अर्ज दिलाय, म्हणून आम्ही आतून खुर्ची लावतो. दार उघडलं नाही तर निघून जाऊ नका, दोनदा वाजवा.